थंड दर्या आणि खलाशाची ऊब



या व्याख्यानमालेत थोर विद्वानांनी इतिहासावर, संतवाङ्मयावर आणि राज्यकारभारावर व्याख्याने दिली आहेत. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही शिकलो ते गोदीच्या दारात, युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. म्हणून चिटणिसांनी विषय विचारला तेव्हा ज्याच्याशी माझा तीस वर्षे संबंध आला तोच विषय मी सांगितला. थंड मुलखातल्या समुद्रावर काम करणाऱ्या माणसाने अंगात ऊब कशी राखावी आणि जीव कसा सांभाळावा, हा तो विषय. वैशाखाच्या तोंडावर पंख्याखाली बसून थंडीच्या गोष्टी ऐकणे तुम्हाला गमतीचे वाटेल. पण आपल्या किनाऱ्यावरची मुले असल्याच उकाड्यातून उठून जहाजावर जातात आणि तीन आठवड्यांनी बर्फाच्या वाऱ्यात उभी असतात. त्यांच्या आयाबहिणी या सभेत असतील. हे व्याख्यान मी त्यांना समोर धरून करीत आहे.

प्रथम एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी एका तरुण खलाशाला घेऊन त्याचे वडील आमच्या कचेरीत आले. पोरगा जानेवारीत बाल्टिक समुद्रावर होता. अंगावर सुती बॉयलर सूट, वर पातळ रेनकोट आणि हातात मालाच्या कामाचे साधे मोजे. दोरखंड ओढताना मोजे भिजले, आणि दोन बोटांची टोके थंडीने कायमची मेली. मी त्याची तक्रार घेऊन संबंधित अधिकाऱ्याकडे गेलो. कंपनीचे नाव घेण्याचे येथे कारण नाही. ते गृहस्थ शांतपणे म्हणाले, “साहेब, थंडी निसर्गाची आहे, कंपनीची नाही.” त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नाही. राग पुष्कळ आला, पण रागाने मुद्दा सिद्ध होत नाही. मग मी वाचायला बसलो. आजचे व्याख्यान म्हणजे त्या वाक्याला माझे उत्तर आहे, असे समजावे.

माणसाच्या शरीराच्या आतले तापमान साधारण ३७ अंश सेल्सिअस असते. ते ३५ अंशांच्या खाली गेले की शरीराचा कारभार बिघडू लागतो. म्हणजे जगणे आणि धोका यांत अवघ्या दोन अंशांचे अंतर आहे. ही ऊब शरीरातून कशी निघून जाते, हे समजायला आपल्याला प्रयोगशाळेत जायला नको. घरातला माठ पाहावा. माठाचे अंग ओले असते, त्यावरून वारा जातो, पाण्याची वाफ होते आणि आतले पाणी गार पडते. घामाने किंवा लाटेच्या तुषारांनी भिजलेला सदरा घालून वाऱ्यात उभा राहिलेला खलाशी म्हणजे तो माठच. फरक एवढाच की माठातले पाणी गार व्हावे अशी आपली इच्छा असते, आणि येथे गार होते ते रक्त.

समुद्रावर वारा सहसा थांबत नाही. तो पडला तरी जहाजाच्या चालीमुळे अंगावर वारा येतोच. हवामानशास्त्रज्ञांनी याचे कोष्टक केले आहे. हवा शून्य अंशाची असेल आणि वारा ताशी ४० किलोमीटरचा असेल, तर उघड्या कातडीला ती उणे सात अंशांसारखी लागते. त्यात अंग ओले असले तर हाल विचारू नका. म्हणून ‘आज किती अंश आहे?’ एवढे विचारून जहाजावर भागत नाही. वारा किती आणि अंग कोरडे आहे का, हेही विचारावे लागते.

आता कपड्यांकडे वळू. माझे चुलते परदेशी आगबोटीवर खलाशी होते. सुटीवर येत तेव्हा त्यांच्या पेटीत एक जाड लोकरीची जर्सी असे. डांबरगोळ्यांच्या वासाची ती जर्सी आम्हा मुलांना मोठी गंमतीची वाटे, कारण आमच्या गावात ती घालावी अशी थंडी कधी पडतच नसे. मी एकदा विचारले, “काका, ही एवढी जपून का ठेवता?” ते म्हणाले, “बाळ, सुताचा कपडा भिजला की वैरी होतो. लोकर भिजली तरी साथ देते.” त्यामागचे शास्त्र मला पुढे वाचनात सापडले. ऊब कपड्यात नसते, कपड्याने अडवून धरलेल्या हवेत असते. सुती कापड पाणी पिते, अंगाला चिकटते आणि त्यातली हवा निघून जाते. लोकरीचा धागा कुरळा असतो. तो ओला झाला तरी थोडीफार हवा धरून ठेवतो. आपल्या धनगराला हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. नाहीतर भर पावसात माळावर तो घोंगडी पांघरून उभा राहिला नसता. आणि अनेक पदरांची गोधडी एका जाड चादरीपेक्षा उबदार का, हेही आपल्या आजीला कोणी शिकवलेले नव्हते.

थंड समुद्रावरचा पोशाख याच दोन गोष्टींच्या जोडणीतून होतो. त्याचे तीन थर असावेत. अंगालगतचा थर लोकरीचा किंवा घाम बाहेर टाकणाऱ्या कृत्रिम धाग्याचा असावा, सुती कधीही नसावा. मधला थर जाड आणि हवा धरणारा. सर्वांत वरचा थर वारा आणि पाणी अडवणारा. एकच जाडजूड कोट घालण्यापेक्षा हे तीन थर बरे, कारण कामाचा जोर वाढला की एक काढता येतो. ही गोष्ट नवशिक्याला पटत नाही. तो सगळे अंगावर चढवून दोर ओढतो, घामाघूम होतो आणि काम थांबताच कुडकुडतो. जाणता खलाशी घाम येण्याआधी गळ्याची गुंडी सोडतो आणि काम संपण्याआधी लावतो.

पायात दोन जोड मोजे कोंबून बूट घट्ट केला तर रक्त फिरत नाही आणि पाय अधिकच गार पडतो. म्हणून बूट सैल हवा. हातमोज्यांचा एक कोरडा जोड नेहमी खिशात असावा. कान आणि मान झाकावी. गोठलेल्या लोखंडाला उघडा हात लावू नये, कातडी चिकटून सोलून निघते. थंडीत तहान लागल्याचे कळत नाही, तरी गरम पेय वेळोवेळी घ्यावे आणि पोटभर जेवावे, कारण अन्न हेच शरीराच्या चुलीचे सरपण आहे. आणि उघड्यावरची पाळी आखूड असावी. हा शेवटचा मुद्दा खलाशाच्या हातातला नाही. पाळी लावतो तो अधिकारी, आणि पुरेशी माणसे जहाजावर ठेवायची की नाही हे ठरवतो तो मालक.

थंडी माणसाप्रमाणे जहाजालाही धरते. उडालेले तुषार डोलकाठीवर, दोरांवर आणि कठड्यांवर पडल्या जागी गोठतात. थरावर थर चढतो. हे सारे वजन जहाजाच्या माथ्यावर येते आणि डोक्यावर जड हारा घेतलेल्या माणसासारखे जहाज डळमळू लागते. इंग्लंडातल्या हल बंदराचे ‘लोरेला’ आणि ‘रॉडेरिगो’ हे दोन मासेमारी ट्रॉलर २६ जानेवारी १९५५ रोजी आइसलंडच्या उत्तरेला असेच बर्फाच्या भाराने उलटले. अडचणीत आलेल्या दुसऱ्या एका ट्रॉलरच्या मदतीला ते निघाले होते. दोहोंवरचे मिळून ४० जण गेले. असल्या हवेत वेग कमी करणे, हत्यारांनी बर्फ फोडून समुद्रात टाकत राहणे आणि वेळीच आसऱ्याला जाणे एवढेच उपाय असतात. पण हाताने बर्फ फोडायला माणसाच्या हातात शक्ती आणि बोटांत ऊब असावी लागते. म्हणजे माणसाची ऊब हीच शेवटी जहाजाचीही सुरक्षितता ठरते.

आता सर्वांत कठीण भाग. माणूस पाण्यात पडला तर काय होते? आपली समजूत अशी की पोहता न येणारा बुडतो आणि पोहणारा वाचतो. थंड पाण्यात हा हिशेब चुकतो. पाणी शरीराची उष्णता हवेच्या सुमारे २५ पट वेगाने वाहून नेते, आणि त्याचा मारा तीन टप्प्यांनी होतो.

पहिला टप्पा पहिल्या एक-दोन मिनिटांचा. गार पाणी कातडीला लागताच माणूस आपोआप मोठा श्वास आत ओढतो आणि मग धापा टाकू लागतो. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पाणी छातीत जाते. पट्टीचे पोहणारे येथेच संपतात. या वेळी पोहण्याची धडपड न करता तोंड पाण्यावर ठेवून श्वास काबूत येईपर्यंत तरंगत राहावे. दुसरा टप्पा पुढच्या दहाएक मिनिटांचा. हातापायांचे स्नायू गारठतात, बोटे मिटत नाहीत, दोर हाताशी आला तरी धरवत नाही. शिटी, पट्टा, दोर यांचे जे करायचे ते या वेळातच करून घ्यावे. तिसरा टप्पा म्हणजे खरा गारठा, शरीराच्या आतले तापमान उतरणे. बर्फासारख्या पाण्यातसुद्धा बेशुद्धी येण्यास साधारण तासभर लागू शकतो. हा तास फार मोलाचा आहे. पण तो मिळतो कोणाला? ज्याच्या अंगावर आधीपासून लाइफजॅकेट आहे त्याला. पाण्यात पडल्यावर ते घालू म्हणणाऱ्याची बोटे त्याला घालू देत नाहीत.

आणि लाइफजॅकेट असले म्हणजे सारे झाले असेही नाही. ‘टायटॅनिक’ १९१२ च्या १५ एप्रिलच्या पहाटे बुडाली तेव्हा पाणी उणे दोन अंशांच्या आसपास होते. सुमारे १,५०० माणसे गेली. त्यांतल्या कित्येकांच्या अंगावर तरंगण्याची जॅकेटे होती; ती तरंगतच मेली. लोकांनी त्याला बुडणे म्हटले, पण त्यांना मारले ते थंडीने. याहून डोळे उघडणारी घटना डिसेंबर १९६३ ची. मदेरा बेटांच्या उत्तरेला ‘लाकोनिया’ या प्रवासी जहाजाला आग लागली आणि १२८ माणसे मृत्युमुखी पडली. तिथले पाणी सुमारे १८ अंशांचे होते. १८ अंश म्हणजे आपल्याकडच्या हिवाळ्यातले टाकीतले गार पाणी. त्याने आपण अंघोळी करतो. तेवढ्या पाण्यातही तासन्‌तास राहिल्यावर जॅकेट घातलेली माणसे गारठून गेली. कीटिंग नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने या घटनेचा अभ्यास केला. पाण्यात उतरावेच लागले तर कपडे काढून न टाकता ते अंगावर ठेवावेत, हा त्यातला एक धडा. भिजलेले कपडे आणि पाण्याने भरलेले बूट माणसाला तळाशी ओढतात ही भीती व्यर्थ आहे, कारण पाण्यात पाण्याला वजन नसते. कपड्यात अडकलेले पाणी अंगाभोवती थोडे कोमट राहते, ते फुकट घालवू नये. एकट्याने गुडघे छातीशी घेऊन अंग आक्रसून राहावे. अनेक जण असतील तर एकमेकांना कवटाळून राहावे. संघटनेचा फायदा समुद्रात असा अक्षरशः अंगाला कळतो!

पण खरे शहाणपण पाण्यात न पडण्यात आहे. जुने दर्यावर्दी सांगत की एक हात जहाजाच्या कामाला आणि एक हात आपल्या जिवाला ठेवावा. आजच्या शिडाच्या नौकांवर नाळेपासून मागपर्यंत एक भक्कम पट्टी ताणलेली असते आणि खलाशी आपल्या कमरपट्ट्याचा दोर तिला अडकवूनच उघड्यावर येतो. ऑगस्ट १९७९ मध्ये इंग्लंड-आयर्लंडच्या दरम्यान फास्टनेट नावाच्या शर्यतीत ३०३ नौका उतरल्या आणि वादळात सापडल्या. शर्यतीतले १५ जण गेले. त्यात २४ नौका माणसांनी सोडून दिल्या, पण त्यांतल्या बहुतेक नौका नंतर तरंगताना सापडल्या. बुडाल्या त्या पाचच. घाबरून तराफ्यात उडी घेण्यापेक्षा आपली नौका पायाखाली आहे तोवर ती सोडू नये, हा त्यातला बोध.

पाण्यातून माणूस काढला म्हणजे काम संपले असे समजू नये. त्याला शक्यतो आडवा ठेवून वर घ्यावा. उभा लोंबकळत काढला तर रक्तदाब एकदम उतरून तो वाचवणाऱ्यांच्या हातातच जाऊ शकतो. ओले कपडे काढावेत, अंग हळूवार कोरडे करावे, कोरड्या पांघरुणात गुंडाळावे आणि वाऱ्याआड न्यावे. हातपाय चोळू नयेत, त्याला चालवू नये. तो शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर गोड गरम पेय द्यावे. दारू देऊ नये. दारूने कातडीत ऊब आल्यासारखी वाटते, पण ती आतली ऊब बाहेर टाकून दिल्यामुळे. जहाजावरच्या सोबत्यांनी एकमेकांवर नजर ठेवावी. बोलणे जड झाले, पाय अडखळू लागला, माणूस उगाच चिडू लागला, तर तो गारठला असे जाणावे. कुडकुडणारा माणूस अजून झुंजतो आहे. कोरडी ऊब मिळाली नसतानाही जो कुडकुडायचा थांबला, त्याची काळजी अधिक.

आता माझ्या उत्तराकडे येतो. १९६८ सालच्या जानेवारी-फेब्रुवारीत त्याच हल बंदराचे तीन ट्रॉलर तीन-चार आठवड्यांत गेले: ‘सेंट रोमॅनस’, ‘किंग्स्टन पेरिडॉट’ आणि ‘रॉस क्लीव्हलंड’. ५८ माणसे मेली. ‘रॉस क्लीव्हलंड’ आइसलंडच्या एका खाडीत बर्फाच्या भाराने आणि वादळाने उलटला, तेव्हा तिघे जण फुगत्या तराफ्यावर पोचले. दोघे काही तासांत थंडीने गेले. एकाच्या अंगावर तर झोपेतून उठून आल्यामुळे आतले कपडेच होते. तिसरा हॅरी एडम. तो त्या वेळी उघड्यावर बर्फ काढण्याच्या कामात होता, म्हणून त्याच्या अंगावर पूर्ण जलरोधक पोशाख होता. तराफा किनाऱ्याला लागला. तो चालत एका बंद घरापाशी पोचला, दार उघडेना, तेव्हा त्याच्या आडोशाला रात्रभर उभा राहिला. सकाळी मेंढ्या राखणाऱ्या एका मुलाला तो दिसला. तिघांचा समुद्र एकच होता, वारा एकच होता, तराफाही एकच. कपडे वेगळे होते.

आणि बंधुभगिनींनो, या दुर्घटनेनंतर जे झाले ते मला फार मोलाचे वाटते. मासळीच्या कारखान्यात काम करणारी लिलियन बिलोका नावाची एक बाई उठली. तिचा नवरा आणि मुलगा ट्रॉलरवर जात. ‘सेंट रोमॅनस’ रेडिओ चालवणारा माणूस न घेताच समुद्रावर गेला होता. प्रत्येक जहाजावर तसा माणूस हवा, पुरेसे खलाशी हवेत, हवामानाचा अंदाज नीट मिळावा, अशा मागण्यांवर तिने आणि तिच्या सोबतिणींनी दहा हजार सह्या गोळा केल्या आणि लंडनला जाऊन थेट मंत्र्यांना गाठले. सरकारला नमावे लागले. बिलोकाला मात्र त्यापायी नोकरीला मुकावे लागले आणि पुढे कोणी सहज काम देईना. वादळ त्यांनी थांबवले नाही. ते कोणाच्याच हातचे नव्हते. वादळात जाणाऱ्या माणसाच्या हाती काय असावे एवढेच त्यांनी ठरवून घेतले.

पुढे कायदेही झाले. १ जुलै २००६ पासून आंतरराष्ट्रीय नियमांनी मालवाहू जहाजावर माणशी एक इमर्शन सूट ठेवणे बंधनकारक केले. सतत उष्ण प्रदेशातच फिरणाऱ्या काही जहाजांना तेवढी सवलत आहे. हा सूट माणसाला दोन मिनिटांत, कोणाच्या मदतीशिवाय चढवता आला पाहिजे. त्यातल्या उबदार प्रकाराची कसोटी अशी की शून्य ते दोन अंशांच्या पाण्यात सहा तास राहूनही शरीराच्या आतले तापमान दोन अंशांपेक्षा अधिक उतरू नये. खलाशांच्या हक्कांचा जागतिक करार २००६ साली झाला आणि भारताने त्याला २०१५ मध्ये मान्यता दिली. त्याच्या ज्या दुरुस्त्या डिसेंबर २०२४ पासून लागू झाल्या, त्यांत संरक्षक साहित्य प्रत्येकाच्या मापाचे असावे, असे स्पष्ट म्हटले आहे. ही बाब लहान समजू नका. ढगळ सुटात पाणी शिरते आणि ढगळ मोज्याने दोर निसटतो. स्त्रिया आता जहाजावर जात आहेत, त्यांना तर ही अडचण अधिक. गोव्यात बांधलेल्या ‘तारिणी’ या सुमारे १७ मीटरच्या शिडाच्या नौकेवर नौदलाच्या सहा स्त्री अधिकाऱ्यांनी सप्टेंबर २०१७ ते मे २०१८ या काळात पृथ्वीप्रदक्षिणा केली. दक्षिण महासागराच्या बोचऱ्या वाऱ्यांतून केप हॉर्नला वळसा घालून त्या गोव्याला सुखरूप परतल्या. धैर्य त्यांचे होतेच. पण त्यामागे आधीचे शिक्षण, सराव आणि तयारी होती.

त्या अधिकाऱ्याला आज मी सांगू शकेन की, साहेब, थंडी निसर्गाची हे मान्य. पण सुती सूट निसर्गाने दिला नव्हता. मोज्याचा दुसरा जोड निसर्गाने नाकारला नव्हता. लांबलेली पाळी निसर्गाने लावली नव्हती.

आणि ज्यांची मुले जहाजावर निघाली आहेत, त्यांना माझी एवढीच विनंती. मुलाच्या पेटीत लाडू-चिवडा भरा. त्याला माझी हरकत नाही. पण करारावर सही करण्याआधी त्याला तीन प्रश्न विचारायला सांगा. जहाज कोणत्या समुद्रात जाणार? गरम पोशाख कोण देणार आणि तो माझ्या मापाचा आहे का? तो घालण्याचा सराव जहाजावर कधी होणार? उत्तर मिळाले नाही तर युनियनच्या कचेरीत यावे. तिथे बाक मोडका आहे, पण चहा गरम मिळतो.